एका संगणकात दोन बिऱ्हाडं : वाटणी करा, पण मोजणी करून

आमच्या गावच्या दूध संस्थेत २०२२ च्या श्रावणात एक प्रकार घडला. संकलनाचा संगणक संथ झाला होता. सकाळी साडेसहाला दारात रांग लागायची आणि काट्यावर दूध ठेवलं तरी पावती काही लवकर बाहेर पडायची नाही. लोक कुरकुरायला लागले. "नवा विंडोज टाकूया, पळायला लागंल," असं ठरलं आणि बाहेरून एक पोरगा बोलावला. त्यानं सचिवांना विचारलं, "डाटा कुठं हाय?" सचिव म्हणाले, "सगळा डी ड्राइव्हला ठेवलाय, काळजी नाही." दुपारपर्यंत नवा विंडोज बसला. संगणक खरोखरच पळायला लागला. फक्त डी ड्राइव्ह कुठं दिसेना. पोरानं सगळी डिस्क पुसून एकच सलग हिस्सा केला होता. एप्रिलपासूनचं दुधाचं पत्रक त्यात गेलं.

दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर आलेली. दर फरक काढायचा तर प्रत्येक सभासदाचं लिटर आणि फॅट हवं. दहा दिवसांच्या बिलांचे काही कागद फायलीला होते, काही नव्हते. शेवटी घरोघर फिरून पावत्या गोळा करायची वेळ आली. एका म्हशीवर घर चालवणाऱ्या एका आजीनं लुगड्याच्या चिंधीत बांधलेली पावत्यांची गड्डी पुढं केली. निम्म्या पावत्या पांढऱ्या पडल्या होत्या, कारण थर्मल कागदावरची अक्षरं उन्हानं आणि उष्णतेनं उडतात. "लेकरा, मी एक बी फेकली न्हाई. आता अक्षरच गेली त्याला मी काय करू?" या प्रश्नाला संस्थेत कुणाकडं उत्तर नव्हतं.

दोष एकट्या पोराचा म्हणता येणार नाही आणि सचिवांचाही नाही. 'डी ड्राइव्ह म्हणजे दुसरी डिस्क' हा समज गावोगावी आहे. त्या समजानंच घात केला. आज हा विषय काढायचं कारण असं की, जिल्ह्यातल्या अनेक संस्था आणि ग्रामपंचायती पुन्हा त्याच वळणावर आल्या आहेत.

प्रश्न आताच का आला?

विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून एक वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली, पण ती मुदतच. त्याआधी एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला थांबली होती. विंडोज ११ घ्यावा तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. गावातल्या कपाटाशेजारी बसलेल्या संगणकात बहुधा हे दोन्ही नसतं.

दुसरी अडचण याहून मोठी. जुनं सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही. १९९० च्या दशकात फॉक्सप्रोमध्ये, डॉसवर चालणारे हिशेबाचे कार्यक्रम सहकारी संस्थांत खूप वापरात आले. असे डॉसचे कार्यक्रम ६४ बिटांच्या विंडोजवर सरळ चालतच नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांचाच आहे. जुने काटे आणि फॅट मोजायची यंत्रं संगणकाला जोडायला जी सिरियल वायर लागते, तिचं तोंडही नव्या संगणकाला बहुधा नसतं. शिवाय जुनं मराठी टंकन त्या त्या फॉन्टवर अवलंबून होतं. फॉन्ट गेला की ठरावाची फाइल उघडते, पण वाचता येत नाही.

म्हणजे संस्थेपुढं पेच असा की, जुनं ठेवावं तर इंटरनेटवर धोका, आणि नवं घ्यावं तर जुना हिशेब अडकतो. यावरचा एक स्वस्त आणि जुना मार्ग म्हणजे संगणकाच्या डिस्कची वाटणी. एका हिश्श्यात जुना विंडोज जसाच्या तसा ठेवायचा आणि दुसऱ्यात नवी प्रणाली बसवायची. संगणक सुरू करताना आज कुणाकडं जायचं ते आपण सांगायचं.

वारणेची आठवण

आपला जिल्हा संगणकाला नवखा नाही. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली ७० गावं त्यात होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून खर्च उचलला. गावातल्या केंद्रावर ऊसनोंद, वजन आणि बिलाची माहिती मिळू लागली. त्यासाठी कारखान्यावर हेलपाटा मारायची गरज राहिली नाही. देशभरातून लोक हा प्रकल्प बघायला येत.

पुढं काय झालं तेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. धूळ, विजेचा लपंडाव आणि वय यांनी संगणक थकले. २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बेंगळूरच्या संशोधन संस्थेनं वारणेच्या ७ गावांत केंद्रावरच्या संगणकाचं काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं. शेतकऱ्याला हवी होती ती आपल्या उसाची नोंद. ती पडद्यावर दिसते की फोनवर, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. यंत्र पाच-दहा वर्षांचं असतं, नोंद मात्र पिढीची असते. डिस्कच्या वाटणीचा विचारसुद्धा याच नजरेनं करायला हवा.

डिस्कचा सातबारा

वाटणी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. गट एकच असतो, भावाभावांत हिस्से पडतात, बांध घातला जातो आणि उताऱ्यावर नोंद होते. डिस्कचंही तसंच आहे. डिस्क हे रान आणि हिस्सा म्हणजे पार्टिशन. कुठला हिस्सा कुठून सुरू होतो आणि किती आहे, याची नोंद डिस्कच्या अगदी सुरुवातीला एका तक्त्यात असते. तो तक्ता हाच डिस्कचा सातबारा.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर, म्हणजे एमबीआर पद्धतीत, पहिल्या ५१२ बाइटांच्या जागेत हा तक्ता बसवलेला असतो. त्याच्या वाट्याला फक्त ६४ बाइट येतात. एका नोंदीला १६ बाइट, म्हणजे मुख्य हिस्से चारच. पाचवा हवा असेल तर चारांपैकी एकाला 'विस्तारित' करून त्यात पोटहिस्से पाडावे लागतात. नव्या जीपीटी पद्धतीत सर्वसाधारणपणे १२८ हिश्श्यांची सोय असते आणि तक्त्याची एक नक्कल डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. २ टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कला ही नवी पद्धतच लागते.

या कल्पनेला चाळीस वर्षं होऊन गेली. १९८३ मध्ये आयबीएमचा एक्सटी संगणक आला, त्याची डिस्क होती १० मेगाबाइटची. आज मोबाइलनं काढलेले दोन-तीन फोटो तेवढी जागा खातात. त्या एवढ्याशा डिस्कचेही हिस्से पाडायची सोय डॉसमध्ये होती. पुढं विंडोज ९५ च्या काळात एक हिस्सा २ गिगाबाइटपेक्षा मोठा करता येत नव्हता, म्हणून डिस्क मोठी झाली की सी, डी, ई असे हिस्से पाडावेच लागत. डी ड्राइव्हची सवय रुजायला तेही एक कारण झालं. तेव्हापासून लोकांना वाटतं की डी म्हणजे वेगळी डिस्क.

ती वेगळी नसते. बांध घातला म्हणून दुसरं रान तयार होत नाही. पूर आला की दोन्ही हिस्से पाण्याखाली जातात.

दुसरं बिऱ्हाड कुणाचं?

नव्या हिश्श्यात पैसे न देता बसवता येणारी प्रणाली म्हणजे लिनक्स. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये तिची सुरुवात केली. आज उबुंटू, मिंट, डेबियन अशी तिची अनेक रूपं आहेत. आपल्या सी-डॅकनं २००७ मध्ये 'बॉस' नावाचं भारतीय रूप काढलं, त्यात मराठीची सोय आहे. मुंबईच्या आयआयटीनं 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतूनही उपलब्ध केले आहेत. घरबसल्या ऐकून शिकता येतं.

वाटणीनंतर कामाची विभागणी अशी ठेवावी. जुन्या विंडोजवर फक्त जुना हिशेब, काटा आणि फॅटचं यंत्र. त्याला इंटरनेट जोडायचंच नाही, वायफायसुद्धा बंद. ईमेल, शासकीय संकेतस्थळं, बँकेची चौकशी हे सगळं लिनक्सवर. हा सोवळेपणा नव्हे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो दुरुस्त्या न टाकलेल्या जुन्या विंडोजवरच घसरला आणि लोकांच्या फायलींना कुलूप घालून पैसे मागत सुटला. जुनं जनावर राखायचं असेल तर ते बाजारात न्यायचं नाही, एवढाच याचा अर्थ.

आधी मोजणी, मग बांध

तहसीलदार महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप करतात, तेव्हा मोजणीशिवाय बांध पडत नाही. इथंही क्रम चुकवू नये.

पहिलं काम म्हणजे नक्कल. जुना सगळा डाटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फायली उघडतात का ते पाहावं. नक्कल काढली, पण उघडून पाहिली नाही, तर ती काढली नाही असंच समजावं. हिशेबाच्या फायलींबरोबर जुने फॉन्ट आणि सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा फोल्डरही त्यात घ्यावं.

दुसरं म्हणजे क्षेत्र मोजावं. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ च दिसते. दुकानदारानं फसवलं असं नाही. कारखाना हजाराच्या हिशेबानं मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. बोलताना आपण गुंठे म्हणतो आणि उताऱ्यावर आर लिहिलेले असतात, त्यातलाच हा प्रकार. अशा डिस्कवर विंडोजला १५० जीबी, लिनक्सला ५० आणि उरलेलं सामाईक क्षेत्र ठेवलं तर पुष्कळ होतं. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा इथं लागू नाही, पण त्यातलं शहाणपण लागू आहे. उगाच सहा-सात तुकडे पाडले की एकात जागा संपते आणि शेजारच्यात पडीक राहते.

तिसरं, वीज. हिस्सा लहान-मोठा करताना डिस्कवरची माहिती एका जागेवरून दुसरीकडं हलते. मध्येच लाइट गेली तर दोन्हीकडचं नुकसान होऊ शकतं. यूपीएस चालू स्थितीत असल्याशिवाय आणि लाइटची वेळ पाहिल्याशिवाय हे काम हातात घेऊ नये.

चौथं, विंडोजचा हिस्सा विंडोजमधूनच आकसून घ्यावा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' या ठिकाणी ही सोय आहे. त्याआधी 'फास्ट स्टार्टअप' बंद करावं. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट डुलकी घेतो आणि दुसऱ्या प्रणालीला त्या हिश्श्यात लिहिता येत नाही. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची चावी, म्हणजे तो लांबलचक आकडा, आधी कागदावर उतरवून घ्यावा.

पाचवं, लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन आधी न बसवताच चालवून पाहावा. प्रिंटर चालतो का, वायफाय सापडतं का, मराठी टंकन होतं का, हे डिस्कला हात न लावता कळतं. संगणकाला ४ जीबी रॅम असेल तर बरं.

सहावं आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे बसवतानाचा प्रश्न. पडद्यावर दोन पर्याय येतात. एक 'विंडोजच्या शेजारी बसवा' आणि दुसरा 'पूर्ण डिस्क पुसून बसवा'. आमच्या संस्थेचा घात अशाच एका पडद्यावर झाला. घाईनं पुढं-पुढं दाबत जाऊ नये. कळलं नाही तर तिथंच थांबावं. शेवटचं बटण दाबेपर्यंत काही बिघडत नाही.

दोन्ही प्रणाली नव्यानं बसवायच्या असतील तर आधी विंडोज, मग लिनक्स. जुन्या पद्धतीच्या संगणकात मागाहून आलेला विंडोज सुरुवातीच्या जागेवर आपलाच शिक्का मारतो आणि लिनक्सची वाट बुजवतो. लिनक्सबरोबर येणारा 'ग्रब' हा कार्यक्रम मात्र कोतवालासारखा दारात उभा राहून विचारतो, "कुणाकडं जायचंय?"

सामाईक वाट आणि घड्याळाची भानगड

वाटणीनंतर भांडणं होतात ती वाटेवरून. इथंही वाट एकतर्फी आहे. लिनक्सला विंडोजच्या एनटीएफएस हिश्श्यातलं वाचता येतं आणि लिहिताही येतं. विंडोजला मात्र लिनक्सचा हिस्सा स्वतःहून वाचता येत नाही. म्हणून दोघांनाही लागणाऱ्या फायली एनटीएफएसच्या सामाईक हिश्श्यात ठेवाव्यात. विंडोजला अनोळखी हिस्सा दिसला की तो 'फॉरमॅट करू का?' असं विचारतो. तिथं 'नाही' म्हणायचं, हे संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवावं.

दुसरी भानगड घड्याळाची. विंडोज संगणकातलं घड्याळ भारतीय वेळेवर आहे असं धरतो, तर लिनक्स बहुधा ते जागतिक वेळेवर ठेवतो. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक. लिनक्सवरून विंडोजवर आलं की संध्याकाळचे साडेसहा दुपारचा एक दाखवू शकतात आणि सकाळचे साडेसहा मध्यरात्रीनंतरचा एक. दूध संकलनाचं सॉफ्टवेअर वेळ पाहून सकाळ-संध्याकाळ ठरवत असेल, तर संध्याकाळचं दूध सकाळच्या पत्रकावर चढायचं. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक आज्ञा आहे, ती बसवतानाच देऊन घ्यावी आणि पहिले आठ दिवस पावतीवरची वेळ रोज तपासावी.

ग्रामपंचायतीनं काय पाहावं?

ग्रामपंचायत आणि महसूल कार्यालयांनी एक जास्तीची खबरदारी घ्यायची आहे. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, अंगठ्याचं यंत्र आणि काही शासकीय प्रणाली विंडोजवरच चालतात किंवा लिनक्सवर नखरे करतात. तिथं जुना विंडोज ऑफलाइन ठेवून भागणार नाही, दुरुस्त्या चालू असलेला विंडोजच लागेल. ई-ग्रामस्वराज किंवा फेरफाराचं काम ज्या संगणकावर चालतं, त्यावर प्रयोग करू नयेत. शासनानं दिलेला संगणक असेल तर वरिष्ठांना विचारल्याशिवाय वाटणी करू नये. विकास सेवा संस्थांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना २०२२ मध्ये मंजूर झाली. त्या योजनेत आलेल्या संस्थांनीही जुनी नोंद नव्या प्रणालीत आली आणि ताळमेळ लागला, याची खात्री होईपर्यंत जुना संगणक मोडीत काढू नये.

याहून सोपा मार्गही आहे. जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही. दुसरी नवी डिस्क विकत आणून त्याच संगणकात जोडायची आणि नवी प्रणाली तिच्यावर बसवायची. बसवताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली की पुसलं जायची भीतीच नाही. नव्या संगणकाच्या मानानं हा खर्च थोडका आहे. ज्यांचा डाटा मोलाचा आहे त्यांनी आधी याचा विचार करावा. संगणक दणकट असेल तर नव्या प्रणालीच्या आत जुनी प्रणाली भाडेकरूसारखी चालवता येते, पण त्याला रॅम जास्त लागते.

पाणी येण्याआधी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, या दोन्ही महापुरांत पंचगंगेच्या काठच्या गावांनी काय सोसलं ते आपण पाहिलं आहे. अशा वेळी डिस्कचे दोन हिस्से असोत की दहा, ती खालच्या खोलीत टेबलाखाली असेल तर बुडायचीच. म्हणून वाटणी म्हणजे नक्कल नव्हे, हे प्रत्येक संस्थेनं मनावर घ्यावं. दहा दिवसांचं बिल निघालं की त्याच दिवशी डाटाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर जावी आणि ती डिस्क उंचावरच्या, दुसऱ्या घरात राहावी. दोन डिस्क आलटून-पालटून वापरल्या तर उत्तम. डिस्क कुणाकडं आहे, शेवटची नक्कल कधी काढली आणि उघडून कुणी पाहिली, हे इतिवृत्तात चार ओळींत लिहावं. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडं ठेवावेत, म्हणजे सचिव बदलले तरी संस्था अडत नाही.

आमच्या संस्थेचा हिशेब त्या वर्षी कसाबसा जुळवला. ज्यांची अक्षरं उडाली होती त्यांचं दूध मागच्या वर्षावरून अंदाजानं धरलं. आजी काही बोलल्या नाहीत, पण तो अंदाजच होता. त्यांच्या म्हशीनं त्या उन्हाळ्यात खरं किती दूध दिलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आता संस्थेत दोन प्रणाली आहेत, आणि दर दहा दिवसांनी एक छोटी डिस्क पिशवीतून गावाच्या वरच्या आळीला जाते. वाटणीनं आमची सोय झाली, पण रात्री झोप लागते ती त्या पिशवीमुळं.